गार्डसाहेबांचे हिरवे निशाण

१९४६ च्या जानेवारीतला तिसरा रविवार. संध्याकाळी सहा वाजता आगटे वकिलांच्या ओसरीवर आमच्या ग्लायडर क्लबाची बैठक भरली. शिल्लक एकशे बारा रुपये सहा आणे. हजर पाच : अध्यक्ष आगटे वकील, कॉलेजच्या प्रयोगशाळेतले बापट, कापडाचे व्यापारी मेहता, खजिनदार म्हणून मी, आणि गार्डसाहेब. आम्ही चौघे सतरंजीवर बसलो होतो. गार्डसाहेब पायरीपाशी, जिथे चपला काढतात तिथे, भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांच्या धोतरावर गुडघ्यापासून खाली रक्ताचे डाग होते. ते वाळून काळे पडले होते.

त्या दिवशी सकाळी दंडोबाच्या डोंगरावर आमच्या विमानाला भिऊन एका धनगराची मेंढरे मुरमाच्या खाणीत कोसळली होती. अकरा मेली. त्यांतल्या सात गाभण होत्या. बैठक त्यासाठी होती.

वकिलांनी ठराव तोंडी सांगितला. "धनगराला मदत म्हणून पन्नास रुपये द्यावेत. नुकसानभरपाई हा शब्द कुठंही येता कामा नये. एकदा तो शब्द आला की उद्या ज्याचं कोंबडं दगावेल तो आपल्या दारात येईल. पैसे गार्डसाहेबांनी नेऊन द्यावेत."

"पन्नास द्या, न्हाईतर पाचशे द्या," गार्डसाहेब म्हणाले. "मदत म्हनून मी न्यायचा न्हाई. मदत कराय मी काय वाटंनं चाललो हुतो व्हय?"

"अहो, विमान बापटांनी बांधलं, दोर मेहतांनी ओढला. तुम्ही कशाला अंगावर घेता?"

"हिरवा कोनी दावला?"

गार्डसाहेबांनी बोट स्वतःच्या छातीला लावले.

"मी दावला. गाडी सोडली ती मी."

ठराव चार विरुद्ध एक असा मंजूर झाला. गार्डसाहेबांनी चपला घातल्या, नेहमीसारखा सगळ्यांना एकच नमस्कार केला आणि ते गेले. आमच्या बैठकीतून सर्वांच्या आधी निघून गेलेले मी त्यांना तेवढेच एकदा पाहिले.

त्यांचे नाव मारुतीराव कणसे. मूळचे जावळीतले, मेढ्याच्या वरच्या अंगाला त्यांचे गाव. तीस वर्षे रेल्वेत काढली, त्यांतली बरीचशी मिरजेहून पूर्वेला जाणाऱ्या छोट्या गाडीवर गार्ड म्हणून. निवृत्त झाल्यावर ते सांगलीत दोन खोल्या घेऊन राहिले. मुली दोन, दोघी दिल्या घरी. उंच माणूस, पाठ सरळ. सपाट जमिनीवरही पाय फाकवून उभे राहायचे, पायाखाली अजून डबा हलतो आहे असे. अंगात रेल्वेचा जुना काळा कोट. त्याची पितळी बटणे त्यांनी निवृत्त होताना परत केली होती आणि त्या जागी त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, साधी हाडाची बटणे लावली होती.

आमच्यात ते कसे आले ते सांगतो. लढाई संपायच्या दोन वर्षे आधी बापटांनी एका विलायती मासिकातला आराखडा पाहून पहिले ग्लायडर बांधले. बिनइंजिनाचे, हातभर लांब, दोराने पतंगासारखे वर ओढून सोडायचे. विलायती हलके लाकूड मिळत नव्हते म्हणून पांगाऱ्याचे लाकूड, बांबूच्या कामट्या, वर पतंगाचा कागद, जोडायला सरस. वर्षभरात सात-आठ विमाने झाली, आणि दर रविवारी कृष्णेच्या वाळवंटात आम्ही ती एकदम उडवू लागलो. दोर दोरांत अडकत. विमाने एकमेकांवर आपटत. ज्याचे मोडे तो दुसऱ्यावर ओरडे. एका रविवारी घाटाच्या पायरीवरून काळ्या कोटातला एक माणूस बराच वेळ हे पाहत होता. शेवटी तो खाली आला.

"आवं, एका लाइनीवर दोन-दोन गाड्या सोडतासा व्हय?" तो म्हणाला. "मानसं मरतील."

"कागदाची आहेत हो," मेहता हसून म्हणाले.

"कागदाची असूंदे. लाइन योकच हाय न्हवं?"

पुढच्या रविवारी तो आमच्या आधी येऊन बसला होता. हातात शिट्टी, काखेत दोन निशाणे, एक लाल आणि एक हिरवे. ती त्याने स्वतःच्या पैशाने शिवून घेतली होती. त्या दिवसापासून हिरवे निशाण हलल्याशिवाय आमच्या क्लबाचे एकही विमान उडाले नाही.

नियम त्यांचा एकच होता. सोडलेले विमान कुणाच्या तरी हातात परत येईपर्यंत दुसरे सोडायचे नाही. ते उतरले असे लांबून दिसून भागत नसे. हातात पाहिजे. विमान उसात पडो, बाभळीवर अडको, ते स्वतः जाऊन घेऊन येत आणि तोवर आम्ही वाळूत बसून राहत असू. कधी अर्धा-अर्धा तास जाई. बापट चिडत.

"गार्डसाहेब, अहो दिसतंय ना तिथं पडलेलं!"

"दिसतंय. पर पोचलं न्हाई." मग त्यांचे ठरलेले वाक्य : "शेवटचा डबा पोचला म्हंजी गाडी पोचली."

त्यांनी स्वतः एकही विमान बांधले नाही, एकही उडवले नाही. मी वर्गणी मागितली तेव्हा दिली, पण कधी गावाबाहेरच्या माळावर उडवायला जायचे गाडीभाडे क्लबातून द्यायला लागलो तर घेतले नाही. आमच्या आधी जाऊन पाण्याची घागर भरून ठेवायचे. आम्ही निघालो की मागे राहून गवतातून टाचण्या वेचायचे. कागद ताणून बसवायला आम्ही टाचण्या वापरत असू, त्या उडताना गळत. "गुरं चरत्यात हितं. पोटात गेली तर?" म्हणायचे आणि साठीचा माणूस ओणवा होऊन अंधार पडेपर्यंत गवत चाचपायचा. वहिनी त्यांना माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "जिला तिकीट न्हाई, टेसन न्हाई, अशा गाडीचं गार्ड झालाय तुमी." त्यावर ते म्हणाले, "पर गाडी हाय."

एकदा एक विमान वाऱ्याबरोबर नदीपलीकडे गेले. आम्ही सोडून दिले. ते होडीने पलीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आले. विमान एका वाडीत म्हातारीच्या गोठ्यात आढ्याला टांगलेले सापडले. तिने त्याला हळदकुंकू लावले होते. गार्डसाहेबांनी मागितल्यावर ती म्हणाली, "आभाळातनं आलेलं रिकामं कसं धाडू?" आणि तिने पंखावर मूठभर जोंधळे ठेवले. हा माणूस दोन कोस ते विमान दोन्ही हातांवर आडवे धरून चालत आला. जोंधळे तसेच होते. बापट हसू लागले तेव्हा गार्डसाहेब गंभीरपणे म्हणाले, "माल चडवलाय त्यो उतरून घ्या आदी."

त्या शोधात त्यांच्या मनात एक गोष्ट बसली. पांढऱ्या कागदाचे विमान पांढुरक्या आभाळात दिसत नाही, म्हणून हरवते. बापट तेव्हा सर्वांत मोठे विमान बांधत होते, पंखांची लांबी आठ फूट. त्याच्या पंखांची टोके त्यांनी घारीच्या पिसांसारखी, बोटे पसरल्यासारखी केली होती. गार्डसाहेब म्हणाले, "खालनं काळं करा. लांबनं दिसंल."

"रंगानं वजन वाढतं," बापट म्हणाले.

गार्डसाहेबांनी रंग आणलाच नाही. कंदिलाच्या काचेवरची काजळी साठवली, पातळ खळीत कालवली आणि बोटाने पंखाच्या खालच्या अंगाला इतकी हलकी फिरवली की बापटांच्या काट्यावर फरक दिसेना. खाली उभे राहून वर पाहिले की हुबेहूब पक्षी. आम्ही त्याचे नाव 'घार' ठेवले. गार्डसाहेब इतर विमानांना गाडी म्हणत. याला ते 'आमची घार' म्हणत. आमच्या क्लबात त्यांनी आपले म्हटले असे हे एकच.

त्या जानेवारीच्या रविवारी घार दंडोबाच्या डोंगरावरून उडवायची ठरली. साताऱ्यालाही तसाच एक क्लब होता, तिथून तीन पाहुणे पाहायला आले होते. सातारची माणसे, म्हणजे गार्डसाहेबांच्या मुलखाची. गार्डसाहेबांनी कोट धुऊन घातला होता. पाहुण्यांना ते सारखे सांगत होते, "काळं मी केलंय. बगाच कसं दिसतंय."

वारा चांगला होता. मेहतांनी दोर घेतला, बापटांनी विमान धरले. गार्डसाहेबांनी कड्याच्या टोकाला जाऊन खाली पाहिले आणि लाल निशाण वर केले.

"खाली मेंढरं हायती. जरा सरकू द्यात."

आम्ही थांबलो. पाव तास गेला. मेंढरे काही सरकेनात, उतारावर सगळी पसरून चरत होती. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "गार्डसाहेब, आमची गाडी चुकंल बरं का."

वकील हसत म्हणाले, "मेंढरं जमिनीवर, विमान आभाळात. तुमच्या भाषेत सांगा, लाइन मोकळी आहे की नाही?"

सगळे हसले. गार्डसाहेबही हसले. त्यांनी एकदा खाली पाहिले, एकदा पाहुण्यांकडे पाहिले आणि हिरवे हलवले.

घार सुरेख गेली. कड्याला लागून वर येणाऱ्या वाऱ्यावर ती तरंगत राहिली, वळली, परत आली. आम्ही घड्याळ धरून टाळ्या वाजवत होतो. सहा मिनिटे झाली, एवढे आमचे कुठलेच विमान उडाले नव्हते. मग ती उताराला धरून खाली सरकली आणि मेंढरांच्या डोक्यावरून गेली. वरून आम्हांला दिसले ते एवढेच, की उतारावरचा करडा पट्टा एकदम गोळा झाला आणि पाणी सांडावे तसा एका बाजूला वाहिला. त्या बाजूला खाण होती.

मी गार्डसाहेबांकडे पाहिले. ते उताराने खाली धावत होते, आणि घार गेली होती त्याच्या उलट दिशेला. सुटलेल्या विमानाकडे त्यांनी पाठ केली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

मी खाली पोचलो तेव्हा धनगर खाणीच्या तळाशी बसला होता. धुळाबा त्याचे नाव, गार्डसाहेबांच्याच वयाचा. जी वाचणार नव्हती ती मेंढरे तो कापत होता. ओरडत नव्हता. गार्डसाहेबांनी विमानाच्या डागडुजीसाठी आणलेल्या कामट्या एका मेंढीच्या मोडलेल्या पायाला लावल्या होत्या. बांधायला काही नव्हते म्हणून त्यांनी हिरवे निशाण काढले, दातांनी फाडले आणि त्याच्या पट्ट्या केल्या. चार मेंढ्यांचे पाय त्यांनी असे बांधले.

धुळाबाने हात न थांबवता विचारले, "वर काय सोडलासा?"

"इमान," गार्डसाहेब म्हणाले. "कागदाचं."

"कागदाचं?" धुळाबाने मान वर केली. "कागदानं मारलासा व्हय माजी मेंढरं?"

गार्डसाहेबांनी पुढची पट्टी फाडली.

घार आणायला कुणी गेले नाही. ती खालच्या बाभळीवर अडकली होती. पंधरा दिवसांनी बापट एकटे गेले तेव्हा झाडावर नुसत्या कामट्या उरल्या होत्या.

बैठकीनंतरच्या रविवारी मंजूर झालेले पन्नास रुपये घेऊन मी धनगराचा तळ शोधत गेलो. आधी गार्डसाहेबांच्या घरी डोकावलो. वहिनी दारात जोंधळे निवडत होत्या.

"बुधवारच्याला गेल्यात," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं गाडीच्या मागं गेली, आता मेंढरांच्या मागं. कवा येनार म्हनून इचारलं, तर म्हनं शेवटचा डबा पोचला की." मग सूप थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, रातचं झोपत न्हवतं वो ते. उठून बसायचं आन हात असा वर करायचं. मीच म्हनलं, जावा."

तळ एका शेतकऱ्याच्या काळ्या रानात होता. खतासाठी रात्री कळप शेतात बसवायचा आणि बदली धान्य घ्यायचे, यावर धनगराचे वर्षाचे पोट चालते. धुळाबाचा मुलगा फौजेत होता, लढाई संपली तरी सुटून आला नव्हता. घरात दुसरा पुरुष नाही. आणि मेंढरे बिघडली होती. आभाळात घार दिसली की सगळी चरायची थांबून एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालत. खाणीत न पडलेल्या मेंढ्यांपैकी आणखी तिघींनी गाभ टाकला होता. उघड्या रानात ती पांगेनात, आणि शेतकरी म्हणू लागला होता की कळप एकाच कोपऱ्यात बसतो, मग साऱ्या शेताचे धान्य कशाचे मागता? मागे एक माणूस सतत हवा होता.

तो माणूस मागे चालत होता. कोटाच्या खिशातून शिट्टी लोंबत होती. दोन काखांत दोन नवी कोकरे.

मी धुळाबापुढे पैसे धरले.

"हे कशाचं?"

"क्लबाकडून मदत."

"मदत व्हय?" त्याने गार्डसाहेबांकडे पाहिले. गार्डसाहेब चुलीकडे पाहत होते. "ऱ्हाऊद्या तुमच्यापाशी. आमास्नी मानूस पायजे हुतं, ते आलंय." मग थोडा हसला. "पर तुमचा गार्ड लय वंगाळ धनगर हाय बगा. योक मेंढरू मागं ऱ्हायलं की सगळा कळप थांबीवतो. अशानं आमी गावाकडं पोचायचं कवा?"

"पोचंल त्येच पोचंल," गार्डसाहेब म्हणाले.

परत निघताना मी त्यांना सांगितले की रविवारी विमाने उडवायला माणूस लागतो, क्लब मोडेल. त्यांनी कोकरू खाली ठेवले. "मोडंल," म्हणाले. "मी न्हाई म्हनलं असतं तर पावनं हसलं असतं. तेवडंच झालं असतं. तेवड्यासाटनं हिरवा दावला मी." एवढेच. त्या विषयावर मी त्यांच्या तोंडून पुन्हा काही ऐकले नाही.

क्लब मोडलाच. शिट्टी नव्हती, निशाण नव्हते. दोन रविवारांत तीन विमाने एकमेकांवर आपटली. साताऱ्याचे पाहुणे पुन्हा आलेच नाहीत. बापटांनी आराखडे बांधून ठेवले. मे महिन्याच्या अखेरीस त्याच ओसरीवर शेवटची बैठक भरली. या वेळी चौघे. शिल्लक तीच, मी पन्नास परत जमा केले होते. वकील बराच वेळ पायरीकडे पाहत होते.

"सगळे देऊन टाका त्या धनगराला," ते म्हणाले. "शब्द कुठला घालायचा तो तुम्ही घाला."

मृगाच्या आधी धनगर पूर्वेला आपल्या गावाकडे परततात. धुळाबाचा कळप मिरजेच्या पुढे छोट्या गाडीच्या फाटकावरून जाणार असे वहिनींकडून कळले, म्हणून मी तिथे जाऊन थांबलो. आधी घोडा आला, त्यावर बिऱ्हाड, मागून धुळाबा आणि मेंढरे. फाटकवाल्याने गार्डसाहेबांना लांबूनच ओळखले. गार्डसाहेब रुळांच्या मध्ये उभे राहिले, पाय फाकवून, आणि त्यांनी लाल निशाण आडवे धरले. मेंढरे त्यांच्या समोरून गेली. अगदी शेवटी एक मेंढी लंगडत गेली. तिच्या पायाला हिरव्या कापडाची चिंधी अजून होती, मळून तिचा रंग ओळखू येईनासा झाला होता.

"झालं की, गार्डसाब," फाटकवाला ओरडला. "हिरवा दावा आता. गाडीची येळ झालीया."

"हिरवा तू दाव रं," ते म्हणाले. "माज्यापाशी आता योकच हाय."

फाटकापलीकडे मी धुळाबाला पैसे दिले. याही वेळी त्याने कशाचे म्हणून विचारले, तेव्हा मी भरपाई म्हटले. त्याने ते मोजले नाहीत, कनवटीला लावले. मग कळपात जाऊन एक काळे कोकरू आणले, लंगड्या मेंढीचे, आणि गार्डसाहेबांच्या पुढे धरले.

"हितनं फुडं आमचीच मानसं हायती, तुमी जावा घरी. गडी ठिवला की वरसाला कोकरं द्यायाची रीत हाय. अर्द्या वरसाचं हे योक."

"मी गडी न्हवं," गार्डसाहेब म्हणाले. "मी फेडाय आलतो."

"फेडलंसा का न्हाई ते तुमचं तुमी जाना. धुळाबानं मानूस फुकट राबवून घेतला, असं माज्या माघारी कुनी म्हनाय नगं. धरा."

गार्डसाहेबांनी कोकरू घेतले.

सांगलीच्या रस्त्याने ते माझ्यापुढे चालत होते, कोकरू खांद्यावर. महिन्याभरात ते आणि वहिनी मेढ्याकडे निघून गेले, त्यामुळे मी त्यांना शेवटचे पाहिले ते तेव्हाच. मिरजेच्या अलीकडे रस्त्यावरून एका घारीची सावली सरकली. खरी घार होती. कोकराने त्यांच्या कोटाच्या गळ्यात डोके खुपसले. ते रस्त्याच्या मधोमध थांबले आणि त्यांनी एक हात कोकराच्या डोळ्यांवर धरला. घार केव्हाच दिसेनाशी झाली. मागून बैलगाडी आली, गाडीवान ओरडला, वळसा घालून पुढे गेला. हात तसाच होता.

शेवटचा हिशेब असा. एकशे बारा रुपये सहा आणे, क्लबाकडून धुळाबाला, भरपाई म्हणून. एक काळे कोकरू, धुळाबाकडून मारुतीराव कणसे यांना, मागे चालल्याबद्दल.